तवंग उचलणारं पान

संपादकांनी सांगितलं होतं तेलगोळ्यांवर लिहायला. मे संपत आला आणि वारा पश्चिमेकडून जोर धरू लागला की गोव्याच्या आणि मुंबईच्या किनाऱ्यांवर काळे चिकट गोळे येऊन पडतात. पायाला लागले तर रॉकेल चोळल्याशिवाय सुटत नाहीत. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या किनाऱ्यावरच्या या गोळ्यांची रासायनिक ओळख पटवली, तेव्हा काहींचा माग टँकरांनी टाक्या धुऊन समुद्रात सोडलेल्या तेलापर्यंत गेला, काहींचा बॉम्बे हायच्या तेलविहिरींपर्यंत. पण गोळा वाळूवर येतो तेव्हा उशीर झालेला असतो. तेल पाण्यावर पातळ पसरलेलं असतं, तेव्हाच ते उचलायला हवं. ते कसं उचलतात हे विचारत गेले, आणि एका तणापाशी येऊन थांबले.

साल्विनिया मोलेस्टा हे त्या तणाचं शास्त्रीय नाव. मूळचा ब्राझीलचा, पाण्यावर तरंगणारा नेचा. केरळात त्याला आफ्रिकन पायल म्हणतात आणि ते नाव कुणी प्रेमाने घेत नाही. याला बीज नाही, बीजाणूही कामाचे नाहीत. तुकडा मोडला की त्या तुकड्याचं नवं रोप होतं. हवा-पाणी मानवलं तर काही दिवसांत पसारा दुप्पट. पापुआ न्यू गिनीच्या सेपिक नदीवर याची इतकी जाड साय बसली होती, की होड्या चालेनात आणि नदीकाठच्या लोकांना बाजारही गाठता येईना. शेवटी ब्राझीलमधून या नेच्यावरच जगणारा एक बारीक सोंडकिडा शोधून आणावा लागला. १९८० साली ऑस्ट्रेलियातल्या एका तलावात तो सोडला आणि तलाव मोकळा झाला. पुढे सेपिकवर आणि केरळातही त्यानेच काम केलं. जगभर हा नेचा कसा मारावा यावर संशोधन होत राहिलं. त्याच्याकडून काही शिकावं, हे जर्मनीतल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाला सुचलं.

विल्हेल्म बार्थलॉट हे त्यांचं नाव. सत्तरच्या दशकात ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानांचे पृष्ठभाग पाहत होते, वनस्पतींचं वर्गीकरण करण्यासाठी. तपासणीआधी पानं धुवावी लागत. काही जातींची पानं मात्र कधीच धुवावी लागत नसत, ती आधीच स्वच्छ असत. सगळ्यांत स्वच्छ कमळाचं पान. त्या पानावर मेणाच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांची गर्दी असते. थेंब त्यांच्या टोकांवरच तोलला जातो, घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. १९९७ साली बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनी हे सविस्तर मांडलं, आणि दोन वर्षांत त्याच तत्त्वावरचा भिंतीचा रंग बाजारात आला. कमळाची ही कथा पुष्कळदा सांगून झाली आहे, म्हणून इथे आवरते. बॉनच्या वनस्पती उद्यानात बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी पुढे ज्या पानाकडे वळले, ते या नेच्याचं पान मला जास्त मोलाचं वाटतं.

आलप्पुळच्या एका कालव्यात मी हा नेचा पहिल्यांदा हातात घेतला. नावाडी होडीच्या तोंडापुढचा थर बांबूने बाजूला सारत होता. मी मूठभर रोपं उचलून बादलीत ठेवली, तेव्हा त्याने नापसंतीने मान हलवली. त्याच्या दृष्टीने मी रोग घरी नेत होते. पुढचं सगळं मी बादलीवर ताट झाकून, मुक्कामाच्या खोलीतच केलं, आणि शेवटी रोपं उन्हात वाळवून जाळली.

पान अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं, मधल्या शिरेवर दुमडलेलं. वरून मखमली. भिंगाखाली धरलं की कळतं, ही मखमल म्हणजे केसांचं रान आहे. प्रत्येक गाठीतून चार केस निघतात, बाहेरच्या अंगाला फुगतात आणि वर टोकाशी पुन्हा एकत्र येतात. बांबूच्या कामट्या वाकवून वर एकत्र बांधलेल्या आकाशकंदिलाच्या सांगाड्यासारखा आकार होतो. असे शेकडो सांगाडे एका पानावर ओळीने उभे. उंची दोन-अडीच मिलिमीटर. केसांवर मेणाच्या स्फटिकांची बारीक पूड असते, ती भिंगाने दिसत नाही, पण तिचं काम दिसतं. पान पाण्याखाली दाबलं की ते चांदीचं होतं. ती चांदी म्हणजे केसांमध्ये अडकलेल्या हवेवरून परतलेला प्रकाश. हात सोडला की पान उसळी घेऊन वर येतं, कोरडं ठणठणीत.

ही हवा किती टिकते याचा बॉनच्या मंडळींनी अभ्यास केला आणि ती पाण्याखाली आठवडेच्या आठवडे टिकते असं त्यांना आढळलं. त्याचं कारण २०१० साली त्यांनी मांडलं, आणि या कारणाने मला कित्येक दिवस झपाटलं होतं. सगळा केस मेणाने माखलेला, पाण्याला झिडकारणारा. पण चार केस जिथे जुळतात त्या अगदी टोकाच्या चार मृत पेशींवर मेण नाही. त्या पाण्याला धरून ठेवतात. पाण्याला दूर ठेवायचं असेल तर टोकंही मेणाचीच असावीत, असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात उलटं आहे. पाण्याचा पडदा शेकडो टोकांना चिकटून राहतो, म्हणून लाट आली, दाब कमी-जास्त झाला तरी तो मागे सरकत नाही आणि हवेचा बुडबुडा सुटून जायला वाट मिळत नाही. पाणी आत येऊ नये म्हणून पानाने त्याला उंबऱ्यावरच घट्ट पकडलं आहे.

आता तेल. पाण्याचा पृष्ठताण मोठा, मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन. डिझेलचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. ज्या मेणावर पाणी गोळा होऊन बसतं, त्याच मेणावर तेल पसरतं. मी वाटीत पाणी घेतलं, त्यावर डिझेलचे काही थेंब सोडले, सप्तरंगी तवंग पसरला, आणि पानाची मखमली बाजू त्यावर टेकवली. तवंग पानाकडे धावला. धावला हा शब्द मी विचारपूर्वक वापरते. रंगाच्या रेघा पानाच्या दिशेने ओढल्या गेलेल्या दिसतात, पाणी जागचं हलत नाही. अर्ध्या मिनिटात वाटीतलं पाणी डोळ्यांना तरी स्वच्छ झालं. जर्मनीतल्याच कार्ल्सरूह तंत्रज्ञान संस्थेत क्लाउडिया त्साइगर, हेन्ड्रिक होल्शर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली साल्विनियाच्या वेगवेगळ्या जाती घेऊन नीट मोजमाप केलं, तेव्हा पान तीस सेकंदांच्या आत तेल भरून घेतं असंच त्यांना दिसलं.

त्यांच्या मोजमापातली एक गोष्ट अशी, की जिच्यावरून माणसाने वस्तू कशी घडवावी हे ठरतं. जितके लांब केस तितकं जास्त तेल, असा अंदाज कुणीही बांधेल. तसं झालं नाही. सगळ्यांत जास्त तेल धरलं ते टोकाशी जुळलेल्या केसांच्या पानांनी. सुटे केस तेलात भिजले की एकमेकांना चिकटून आडवे होतात आणि जागा आक्रसते. टोकाशी बांधलेले केस वाकत नाहीत, आणि तेल थेट टोकांच्या उंचीपर्यंत भरून राहतं. कार्ल्सरूहमध्ये त्यांच्याकडे आधीच एक केसाळ प्लास्टिक तयार होतं: तापवून मऊ केलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यावर खरखरीत पोलादी पाटी दाबायची आणि वर खेचायची, म्हणजे पत्र्यातून बारीक केस ओढले जातात. ते पाणी झिडकारतं आणि तेल पितं. पण त्याचे केस सुटे आहेत. कामट्यांसारखे वाकवून वर गाठ मारलेले केस कारखान्यात लाखोंनी कसे उगवायचे, हा प्रश्न नेच्याने सोडवला आहे, यंत्राने अजून पुरता नाही.

तरी पान असो की प्लास्टिक, भरलं की भरलं. मग ते बाहेर काढा, पिळा किंवा जाळा. तेलगळतीच्या जागी आज जे पांढरे शोषक पट्टे आणि गाद्या टाकतात त्या बहुतेक पॉलिप्रोपिलीनच्या, म्हणजे पेट्रोलियमच्याच. त्यांचीही तीच गत. बॉनच्या गटाने इथून पुढचं पाऊल टाकलं, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतलं खरं यंत्र ते आहे.

त्यांच्या लक्षात आलं की तेल पानात नुसतं बसत नाही, केसांच्या रानातून ते पुढे चालत जातं, चढावरही. तेव्हा पान म्हणजे फक्त शोषक नव्हे, वाहकसुद्धा. आखेनच्या तंत्रविद्यापीठातल्या वस्त्रसंस्थेबरोबर त्यांनी तशा गुणाचं कापड शोधलं. दोन थर आणि त्यांच्यामध्ये उभ्या धाग्यांची पोकळी असलेलं विणकाम, त्यावर पाणी झिडकारणारा लेप. मग एक तरंगतं भांडं घेतलं, आणि कापडाच्या पट्ट्या त्याच्या काठावरून अशा सोडल्या की एक टोक बाहेर तवंगाला टेकेल आणि दुसरं आत, पाण्याच्या पातळीच्या खाली, भांड्याच्या तळाकडे लोंबेल. तेल कापडाला लागतं, धाग्यांमधून काठावर चढतं, पलीकडे उतरतं आणि टपटप भांड्यात पडतं. पाणी कापडात शिरतच नाही, म्हणून भांड्यात जवळजवळ शुद्ध तेल जमतं. पंप नाही, वीज नाही, रसायन नाही. उतार आणि पृष्ठताण एवढ्यावर ते चालतं, आणि भांडं रिकामं करत राहिलात तर कापड पुन्हा पुन्हा काम करतं. हा शोधनिबंध २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याचं चलच्चित्र पाहताना मी नकळत पुढे वाकले होते. तेल आपल्या पायांनी चालत डब्यात जातं, असं ते दृश्य आहे.

निसर्गाकडे पाहून तेल-पाणी वेगळं करण्याच्या वाटा आणखीही आहेत. बीजिंगमधल्या लेइ ज्यांग यांच्या गटाने निवडुंगाच्या काट्यांच्या आकाराचे तांब्याचे बारीक शंकू करून पाण्यातले तेलाचे सूक्ष्म कण टिपले, आणि माशाच्या खवल्यांवरून पाण्याखाली तेल झिडकारणाऱ्या जाळ्या केल्या. ते मोठं काम आहे आणि वेगळ्या लेखाचं आहे. आपल्याकडच्या वाचकाला मात्र कापसाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टेक्सास टेक विद्यापीठातले शेषाद्री रामकुमार आणि सहकारी यांनी २०१४ साली दाखवलं, की न पिकलेला, बाजारात भाव न मिळणारा हलका कापूस आपल्या वजनाच्या तीसपटीहून जास्त दाट कच्चं तेल धरतो, आणि तो पिकलेल्या चांगल्या कापसापेक्षा सरस ठरतो. कारण न पिकलेल्या तंतूची भिंत पातळ असते आणि वजनाच्या मानाने त्यावर मेण जास्त असतं. विदर्भात ज्याला कवडी म्हणून बाजूला काढतात, त्या कापसाच्या जवळपासची ही वस्तू. गाद्या-उशांत भरतात तो सावरीचा कापूसही याच कुळातला. त्याचा तंतू आतून पोकळ आणि बाहेरून मेणचट, म्हणून पाण्यावर तरंगतो आणि तेल भरून घेतो. हे शोषक नेच्याच्या कापडासारखे चतुर नाहीत. पण ते शेतात उगवतात आणि मातीत कुजतात.

आता समुद्रावर येऊ. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलली, शेकडो कंटेनर पाण्यात घसरले आणि सुमारे ८०० टन तेल सांडलं. उरण, घारापुरी, अलिबागकडच्या खारफुटीच्या मुळांवर काळा लेप चढला, मासळी बाजार बसला. भर पावसाळा, उधाणाची भरती. २८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळ एन्नोर बंदराबाहेर अशीच टक्कर झाली. तेव्हा किनाऱ्यावरचा काळा लगदा लोकांनी बादल्यांनी उपसला. २०१० च्याच एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन हा तेलविहीर खोदणारा फलाट फुटला. जगातली सगळी यंत्रसामग्री तिथे लोटली होती, आणि अमेरिकी सरकारच्या त्या वेळच्या हिशेबाप्रमाणे सांडलेल्या तेलापैकी स्किमर बोटींनी पृष्ठभागावरून उचललं ते सुमारे ३ टक्के. त्याच्या अडीचपटीहून जास्त तेल रसायन फवारून पाण्यात विरवलं, म्हणजे डोळ्यांआड केलं.

हे आकडे वाचले की नेच्याच्या कापडाकडे आशेने पाहावंसं वाटतं. पण प्रयोगशाळेत त्याचा वेग ताशी लिटरांत मोजतात, आणि ८०० टन म्हणजे आठ लाख किलो.

वेगापेक्षा मला तेलाच्या जातीची काळजी जास्त वाटते. प्रयोग बहुतेक डिझेलवर, हलक्या तेलांवर झालेले. जहाजाच्या इंजिनात जळतं ते फर्नेस ऑइल. डिझेलची दाटी ४० अंशांना दोन ते साडेचार सेंटिस्टोक. जहाजी इंधनाची नेहमीची प्रत ५० अंशांना ३८० सेंटिस्टोक, आणि समुद्राचं पाणी ५० अंश नसतं. ते तेल धाग्यांमधून चालत काठावर चढेल, पण केव्हा? त्यातच लाटांनी घुसळून तेलात पाणी मिसळतं आणि तपकिरी, लोण्यासारखा लगदा होतो, ज्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं. त्या लगद्यातलं पाणी तेलाच्या आत लपलेलं आहे. कापडाने कुणाला उंबऱ्यावर अडवायचं?

दुसरी काळजी साबणाची. त्या खोलीत मी शेवटी एक गोष्ट केली. चांदीसारखं चमकणारं पान पाण्याखाली धरलं आणि पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकला. चांदी कडेने विझत गेली, हवा बुडबुड्यांनी निघून गेली, आणि पान साध्या ओल्या पानासारखं हिरवं पडलं. साबण पाण्याचा पृष्ठताण उतरवतो. मग मेणाचा धाक राहत नाही. गळतीवर फवारतात ती विरवणारी रसायनंही हेच करतात, तेव्हा फवारणी आणि हे कापड एका जागी नांदणं कठीण. आणि मुंबईच्या खाड्यांत तर घराघरांतलं साबणाचं पाणी सांडपाण्याबरोबर रोज उतरतं. बॉनच्या टाकीत ते नव्हतं. तिथे गाळही नव्हता, प्लास्टिकच्या पिशव्या नव्हत्या, आणि उबदार खाऱ्या पाण्यात काही दिवसांतच कशावरही चढणारा शेवाळ-जिवाणूंचा बुळबुळीत थर नव्हता. नेच्याचं एक पान खराब झालं तर तो दुसरं पान काढतो. कापडाला ती सोय नाही.

तिसरी काळजी लेपाची. पाणी झिडकारण्यासाठी कापड उद्योगात वर्षानुवर्षं फ्लोरिनची संयुगं वापरली गेली. ती निसर्गात जवळजवळ मोडत नाहीत, पाण्यात आणि रक्तात साठतात, आणि युरोपात त्यांच्यावर एकेक बंधन येत आहे. तेल काढण्यासाठी पाण्यात असा लेप सोडायचा तर त्या कामाला अर्थ उरत नाही. फ्लोरिनशिवायचे लेप आहेत, त्यांच्यावर काम चालू आहे. झीज सोसण्यात ते किती टिकतात यावर सगळं अवलंबून आहे.

मग हे कापड कुठे चालेल? माझं मत असं झालं आहे की चित्रासारख्या आकांतात त्याच्याकडून अपेक्षा धरूच नये. तिथे तटरक्षक दल आहे, त्याच्या प्रदूषण नियंत्रण नौका आहेत, तेल अडवणारे तरंगते बूम आणि स्किमर आहेत. कापडाची जागा आहे ती रोजच्या, कुणीच न मोजणाऱ्या तवंगाची: मासेमारी बंदरातल्या डिझेलची. ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर पाण्याकडे पाहिलं की बोटींच्या मधल्या बेचक्यांत रंगीत पट्टे सतत हलताना दिसतात. बोटीच्या तळात साचलेलं तेलकट पाणी उपसून टाकतात, डिझेल भरताना सांडतं, नळी गळते. तेल हलकं, तवंग पातळ, पाणी धक्क्याच्या आडोशाने शांत. या पातळ तवंगासाठी स्किमर आणणं परवडत नाही. त्यात तेलापेक्षा पाणीच जास्त येतं. वीज न लागणारा, काठावर कापड टाकलेला तरंगता डबा तिथे दोरीने बांधून ठेवता येईल.

पण डबा भरला की तो कुणी रिकामा करायचा हे ठरवावं लागेल. बंदर प्राधिकरणाने, मत्स्यव्यवसाय खात्याने की मच्छीमार सोसायटीने? कायद्याच्या लेखी तेलकट कचरा घातक कचऱ्यात मोडतो. तो तळोज्यासारख्या प्रक्रिया केंद्रात पोचवायचा तर वाहतुकीचा खर्च आला. कापडाचं तेल मात्र जवळजवळ बिनपाण्याचं असल्यामुळे ते वापरलेलं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाला विकता येण्याची शक्यता आहे, आणि डब्यातून चार पैसे सुटणार असतील तर सोसायटीतला कुणीतरी तो डबा नक्की पाहील.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत बोटी धक्क्याला आणि खाडीत दाटीने लागतात, इंजिनं उघडली जातात, जुनं ऑइल बदललं जातं, आणि वरून पाऊस कोसळत असतो. चाचणी घ्यायची तर तेव्हा, तिथे घ्यावी: एक डबा जर्मन पद्धतीच्या कापडाचा, एक कवडी कापसाच्या गादीचा, एक नेहमीच्या पॉलिप्रोपिलीनचा. गाळ, साबण, शेवाळ आणि पिशव्या, सगळ्यांसकट. कशात किती तेल आलं, किती पाणी आलं, आणि कापडाने कितव्या दिवशी पाणी प्यायला सुरुवात केली, हे रोज वहीत उतरवावं.